पहिल्या पुस्तकाआधी

साठीनंतर लिहायला बसलेल्या माणसाजवळ दोन गोष्टी अशा असतात, ज्या तरुण लेखकाकडे सहसा नसतात. आठवणींचा साठा आणि ग्रॅच्युइटी. पुस्तकांच्या बाजारात शिरलं की लक्षात येतं, समोरच्याची नजर दुसऱ्या गोष्टीवर आधी जाते.

मी जलसंपदा खात्यातला. नोकरी बहुतेक सगळी नीरा उजव्या कालव्यावर, फलटण आणि माळशिरस या दोन तालुक्यांत. आधी मोजणीदार, मग कालवा निरीक्षक. सात नंबरचे पाणीअर्ज गोळा करायचे, पाळी सुटली की चारी-चारीने फिरायचं, रात्री कुणी चारीचं दार उचकटलं की सकाळी पंचनामा करायचा आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांचं ऐकून घ्यायचं. लिखाण म्हणाल तर दौऱ्याची डायरी आणि अहवाल. उपअभियंता साहेब म्हणायचे, तुमचा अहवाल वाचवतो तरी. तेवढ्या शिफारशीवर मी निवृत्तीनंतर लेखक व्हायला निघालो आणि फार दिवस न जाता माझ्या नावाचं पुस्तक निघालंही. आता आमच्या भागातले निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले लोक वही घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या प्रकाशनाकडे देऊ?" प्रकाशन काय असतं, हे आधी बोलून घेऊ, असं म्हटलं की काहींचा चेहरा उतरतो. पण बोलावंच लागतं.

माझ्या बाबतीत झालं ते असं. वर्तमानपत्रात चौकटीतली छोटी जाहिरात होती, 'नवोदित लेखकांना संधी'. हस्तलिखित पाठवलं. आठवड्याच्या आत उत्तर आलं की आपलं लेखन दर्जेदार असून संपादक मंडळाने त्याची निवड केली आहे. दीडशे-पावणेदोनशे पानांचं हस्तलिखित कुठलंही मंडळ आठवड्यात वाचत नाही, त्यावर चर्चा तर त्याहून नाही. ज्या प्रकाशकांकडे खरोखर वाचणारी माणसं आहेत, तिथे महिनोन् महिने लागतात आणि बऱ्याचदा नकार येतो. झटपट होकार हाच पहिला इशारा. दुसरा त्याच पत्राच्या तळाशी होता: प्रकाशन 'सहभागी तत्त्वावर' होईल. सहभाग माझा, पाऊण लाखाच्या वर. त्यांचा सहभाग काय, हे पत्रात नव्हतं आणि पुढेही कधी कळलं नाही.

यात फसवणूक नेमकी कुठे असते ती नीट पाहायला हवी, कारण पैसे देऊन पुस्तक छापून घेणं हा काही गुन्हा नाही. मराठीतले कितीतरी चांगले कवितासंग्रह कवींनी पदरमोड करून काढलेले आहेत. प्रश्न प्रकाशकाचा पैसा कुठून येतो एवढाच आहे. वाचकाकडून येत असेल, तर पुस्तक विकलं जाणं ही त्याची गरज असते. म्हणून तो संपादन करतो, चांगलं मुखपृष्ठ करून घेतो, विक्रेत्यांकडे पाठवतो, परीक्षणासाठी प्रती देतो. पैसा लेखकाकडून आगाऊ आला, तर त्याचा धंदा छपाईच्या दिवशी पूर्ण होतो. त्यानंतर पुस्तक विकलं गेलं काय, गोदामात कसर लागून गेलं काय, त्याला सारखंच. मग तो माणूस स्वभावाने कितीही सज्जन असो. माझ्या करारात हजार प्रतींची आवृत्ती लिहिलेली होती. घरी टेम्पोने आल्या त्या तीनशेच्या आसपास. बाकीच्या 'वितरणात' होत्या. कुठल्या गावी, कुठल्या दुकानात, याचा एक कागद मला मिळाला नाही. मी छापखान्याच्या बिलाची प्रत मागितली, तेव्हापासून फोन उचलला जाईना.

म्हणून स्वखर्चानेच छापायचं असेल, तर सरळ छापखान्यात जा. तिथली भाषा पंधरा मिनिटांत समजते. डेमी आकारात सोळा पानांचा एक फर्मा. म्हणजे १६० पानांचं पुस्तक दहा फर्म्यांचं. दर विचारताना कागद, फर्म्यामागे छपाई, बांधणी, मुखपृष्ठ आणि अक्षरजुळणी यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यायचे. प्रती थोड्या हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते, पाचशे-हजारांकडे गेलात की ऑफसेट स्वस्त पडते. खरं सांगायचं तर नातेवाईक, जुने सहकारी आणि गावातलं वाचनालय एवढाच वाचकवर्ग डोळ्यांसमोर असेल तर शंभर प्रती पुष्कळ होतात. त्या संपल्या तर आणखी छापता येतात. आयएसबीएनसाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. तो क्रमांक केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था फुकट देते, लेखकाला स्वतःच्या नावावरही मिळतो. तेरा आकडे आहेत ते. पुस्तक ओळखण्यासाठी असतात, दर्जाचा दाखला म्हणून नाहीत. 'आयएसबीएनसह प्रकाशित' असं मिरवणारे पाहिले की मला सातबारा उतारा दाखवून जमीन सुपीक आहे म्हणणारा आठवतो.

आणि एक फाइल मागून घ्यायची. अक्षरजुळणी करणारे अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करतात. पुस्तकाचं पीडीएफ मिळतं, पण त्यातला मजकूर दुसरीकडे घेतला की रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो आणि जोडाक्षरांचा चुरा होतो. जुळणीचे पैसे तुम्ही दिलेत तर युनिकोडमधला अंतिम मजकूर तुमच्या हातात हवा, हे आधीच ठरवा. माझ्या पुस्तकाची तशी फाइल माझ्याकडे नाही. त्यातला एखादा लेख सुधारून कुठे द्यायचा म्हटलं तर तो पुन्हा टंकावा लागतो.

करारनाम्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि तो लेखकाच्या बाजूने बराच बोलतो, लेखकाला ते माहीत नसतं एवढंच. लिहिल्याबरोबर हक्क लेखकाचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. त्या कागदात कुठले हक्क, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि मानधन किती, हे लिहिलेलं असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभर काहीच केलं नाही, तर करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास तो हक्क लेखकाकडे परत येतो. आता या उजेडात नवोदितांपुढे ठेवले जाणारे छापील करार वाचा. 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे', 'भाषांतर, ध्वनिमुद्रण, चित्रपट यांसह'. एवढं लिहून द्यायचं, वर छपाईचे पैसेही आपणच द्यायचे. मी आलेल्या माणसाला सांगतो, जमीन गहाण टाकताना जेवढं वाचता तेवढं हे वाचा. खोडायचं ते खोडा, बाजूला सही करा. खोडलं म्हणून प्रकाशक चिडला, तर त्याच्याशी पुढचे व्यवहार कसे झाले असते ते तिथेच कळलं.

मानधनाचा हिशेबही एकदा करून पाहावा, म्हणजे स्वप्नं जागेवर येतात. नेहमीच्या व्यवहारात लेखकाला छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास मिळतं. अडीचशे रुपयांच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती, सगळ्या विकल्या गेल्या असं धरलं, तर साडेबारा हजार रुपये. तेही दोन-तीन वर्षांत. दुकानदार आणि वितरक चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त सूट घेतात, तेव्हा उरलेल्यात प्रकाशकही फार कमावतो अशातला भाग नाही. त्यामुळे 'पैसे दोन वर्षांत वसूल होतील' असं कुणी म्हणालं तर हाच गुणाकार त्याच्यासमोर कागदावर करून दाखवावा.

पैसे गेले ते गेले, पेन्शन चालू आहे. पण माझं आणखी एक नुकसान झालं, जे मला तेव्हा माहीतच नव्हतं आणि बहुतेकांना नसतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळ १९६० सालचं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. या योजनेत नवलेखकाचं हस्तलिखित मंडळ वाचून घेतं आणि पसंत पडलं तर पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान देतं. तिकडे राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांचे स्वतंत्र गट आहेत: कवितेसाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाचा, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडशांच्या, लघुकथेसाठी ग. ल. ठोकळांच्या, ललित गद्यासाठी ताराबाई शिंद्यांच्या. शिवाय गावोगावच्या जुन्या संस्थाही पहिल्या पुस्तकाला वेगळं बक्षीस देतात. ही सगळी दारं नव्या माणसासाठी आहेत, आणि पहिलं पुस्तक माणसाचं एकदाच होतं. घाईघाईने, न तपासता, शुद्धलेखनाच्या चुकांसह काढलेलं असलं तरी ते पहिलंच धरलं जातं. आज माझ्याजवळ कालव्यावरचं बरं हस्तलिखित आहे, आणि 'पूर्वप्रकाशित पुस्तके' या रकान्यात लिहायला जे आहे ते मी कुणाला आपणहून दाखवत नाही. या योजनांच्या अटी दर वर्षीच्या जाहिरातीत असतात, त्यात बदलही होतात. एका पोस्टकार्डाच्या खर्चात चौकशी होते, ती छापायच्या आधी करायची.

पुरस्कारांचं मात्र दुसरंही एक जग आहे. तुमचं पुस्तक निघालं की पाठोपाठ पत्रं यायला लागतात. 'राज्यस्तरीय', 'अखिल भारतीय', कधी 'आंतरराष्ट्रीय'ही. पुस्तकाच्या दोन प्रती आणि प्रवेश शुल्क पाठवा. निकाल लागतो तेव्हा पुरस्कार इतक्यांना असतात की टाळ्या वाजवायला प्रेक्षकांत कुणी उरत नाही. प्रवासखर्च ज्याचा त्याचा, सन्मानचिन्हावर आपल्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. त्याचंच भावंड म्हणजे 'प्रातिनिधिक काव्यसंग्रह': शंभर कवी, प्रत्येकी एक कविता, प्रत्येकाने शुल्क भरायचं आणि वर पाच प्रती विकत घ्यायच्या. त्या संग्रहाचे वाचक म्हणजे तेच शंभर कवी, आणि तेही आपापलंच पान उघडतात. एक नियम पुरेसा आहे. जिथे बक्षीस घेणाऱ्याकडून पैसे मागतात, तिथे जायचं नाही.

प्रस्तावनेचंही तेच. मोठ्या माणसाचं नाव मुखपृष्ठावर हवं म्हणून लोक ओळखी काढतात. ती मोठी माणसं भिडेपोटी दोन पानं लिहून देतात, ज्यांत तुमच्या पुस्तकाबद्दल दोन वाक्यं असतात आणि बाकी साहित्यातील अनुभवाचं स्थान. प्रकाशन समारंभ, हार, शाल, श्रीफळ, हॉलचं भाडं, वडा-चहा याबद्दल मी काही बोलत नाही. मुलीच्या लग्नात हौस केली तशी तीही करावी, पण ती पुस्तकाच्या खर्चात धरू नये.

आता लिहिण्याबद्दल, कारण इतका वेळ मी छापण्याबद्दलच बोलतो आहे आणि बहुतेक निवृत्तांशी बोलताना असंच होतं.

माझ्या त्या पहिल्या पुस्तकात काय होतं? 'सुख म्हणजे काय', 'आई', 'हरवलेली नाती', 'निसर्गाशी संवाद' असले लेख. प्रत्येकाच्या सुरुवातीला एका कवीच्या दोन ओळी. एक प्रत मी आमच्या जुन्या पाटकऱ्याला, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणाऱ्या माणसाला, दिली. शाळा सातवीपर्यंत, पण वाचनालयातली पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचणारा. आठ दिवसांनी तो चावडीपाशी भेटला. म्हणाला, "साहेब, समदं वाचलं. चांगलंच हाय. पन ह्यात पाणी कुठं हाय?"

मला आधी कळेना. तो म्हणाला, "तुमी रातभर कॅनॉलवर फिरायचा, ते न्हाई. त्या वस्तीवरल्या म्हातारीनं दार धरलं हुतं, उघडू दिना, ते न्हाई. मंग हे लिवलं कुनी?"

एवढं नेमकं परीक्षण माझ्या पुस्तकाचं दुसऱ्या कुणी केलं नाही. नोकरीत जे रोज पाहिलं ते आपल्याला साहित्याच्या लायकीचं वाटत नाही. साहित्य म्हणजे काहीतरी उंच, गोड, सुविचारासारखं, असं शाळेतल्या निबंधापासून डोक्यात बसलेलं असतं. उलट वाचकाला सुख म्हणजे काय ते माझ्याकडून ऐकायचं नसतं. त्याला आवर्तन लांबलं की टेलच्या गावात काय होतं, उसाचा ब्लॉक मंजूर करून घ्यायला कोण कोणाकडे जातं, दुष्काळात रात्री दारावर पहारा देताना पाटकरी काय खातो, ते माझ्याखेरीज सांगणारं कुणी नसतं. शिक्षकाकडे पटसंख्या टिकवण्याच्या खटपटी असतात. परिचारिकेकडे कुटुंब नियोजनाच्या शिबिरांच्या रात्री असतात. एसटीच्या वाहकाकडे शेवटच्या गाडीतली माणसं असतात. हे सगळं सोडून ती माणसं माझ्याकडे 'जीवन एक प्रवास' घेऊन येतात.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती सरकारी नोकरांना फार. तीस वर्षं 'सदर', 'उपरोक्त', 'करण्यात आली', 'निदर्शनास आले' असं लिहिलं की माणूस वाक्यातून स्वतःला काढून टाकायला शिकतो. अहवालात ते बरोबर असतं, कारण जबाबदारी कुणावर यायला नको असते. आठवणी लिहिताना मात्र कुणी केलं तेच सांगायचं असतं. माझ्या पहिल्या मसुद्यात 'दरवाजा उघडण्यात आला' असं होतं. कुणी उघडला? मीच उघडला होता, आमदाराच्या माणसाने सांगितलं म्हणून, आणि खालच्या चारीचं पाणी त्या रात्री तुटलं. ते वाक्य सरळ लिहायला बराच काळ गेला. लिहिलं तेव्हा मात्र पुढची चार पानं आपसूक आली. कार्यालयाची सवय मोडायला मला एकच उपाय लागू पडला: लिहिलेलं घरात मोठ्याने वाचायचं. सौभाग्यवतीने मध्येच "हं, मग?" म्हटलं तर ठीक. ती भाजी निवडायला लागली तर ते पान काढायचं.

उशिरा लिहिणाऱ्यांना धीर द्यायला म्हणून सभांमधून ठरावीक नावं घेतली जातात. ती नावं खरी आहेत, पण त्यांनी नेमकं काय केलं ते कुणी सांगत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फिटावं म्हणून, दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत अडकले, झाशीच्या वेढ्यात सापडले. हे त्यांनी कागदावर उतरवलं ते जवळजवळ पाव शतकाने, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून, पन्नाशी उलटल्यावर. 'माझा प्रवास' छापून आलं १९०७ मध्ये, आणि ते पाहायला भटजी नव्हते. त्यांच्या पुस्तकात तत्त्वचिंतन शोधावं लागतं. दक्षिणा किती मिळाली, मुक्काम कुठे पडला, काय खाल्लं, कुणाला भ्यालो, हे पानोपानी आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला, तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या. अक्षरओळख लग्नानंतरची. त्या घरात बोलतात तशाच लिहितात, आणि नवऱ्याची चेष्टा करायलाही बिचकत नाहीत. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० चं, त्यांच्या साठीनंतरचं. पण त्याआधीचं सगळं आयुष्य पु. लं.च्या लेखनाच्या सहवासात, छपाईच्या आणि शब्दांच्या बारीकसारीक कटकटींत गेलेलं होतं. या तिघांचं वय सांगून आपल्याला धीर द्यायचा, तर त्यांच्या पुस्तकांची पारायणंही करायला हवीत. मी ती पुस्तक छापून झाल्यावर केली, हा उलटा क्रम झाला.

पुस्तकाच्या आधी नियतकालिकांत लिहा, असं मी आग्रहाने सांगतो. मराठीत दिवाळी अंकांची सोय आहे, ती दुसऱ्या भाषांना हेवा वाटावा अशी. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा धरली जाते, आणि आज जिल्ह्याजिल्ह्यांतून अंक निघतात. लेख जून-जुलैपर्यंत पोचला पाहिजे. ऑगस्टच्या अखेरीला पाठवून 'उत्तर आलं नाही' म्हणून रुसू नये. एकच लेख दोन ठिकाणी एकाच वेळी पाठवायचा नाही. दोन्हीकडे छापून आला तर दोन्ही दारं बंद होतात. 'लेख छापतो, पण एक जाहिरात आणून द्या' असं सांगणारे अंकही असतात, त्यांना नमस्कार करायचा. वर्षभर 'साधना', 'मिळून साऱ्याजणी' यांसारखी नियतकालिकं निघतात, वृत्तपत्रांच्या पुरवण्या असतात. पाठवण्याआधी त्यांचे सहा अंक तरी वाचलेले असावेत. पाण्यावरच्या लेखाला जागा कुठे आहे आणि विनोदी कथेला कुठे, ते त्यातूनच कळतं. नकार आला तर तो बहुतेक मौनाचाच असतो. पण एखादा संपादक दोन ओळी लिहून पाठवतो, आणि त्या दोन ओळी एखाद्या पुरस्काराच्या मानपत्रापेक्षा किती तरी उपयोगी असतात. मला एकाने लिहिलं होतं, "पहिली दोन पानं काढा, तुमचा लेख तिसऱ्या पानावर सुरू होतो." त्यानंतर मी माझा प्रत्येक लेख तिसऱ्या पानापासून वाचून पाहतो.

शुद्धलेखनाचा बाऊ करू नये, पण हयगयही नको. मराठी साहित्य महामंडळाचे नियम अठरा आहेत, चौदा १९६२ चे आणि चार नंतर १९७२ चे. एका संध्याकाळी वाचून होतात. तरीही शेवटची मुद्रितं स्वतः एकट्याने तपासू नका. आपल्या डोळ्यांना लिहिलेलं दिसत नाही, लिहायचं होतं ते दिसतं. पैसे देऊन मुद्रितशोधक नेमणं हा पुस्तकावरचा सर्वांत वसूल होणारा खर्च आहे. संवाद मात्र बोलीतले बोलीतच राहू द्या. माळशिरसच्या शेतकऱ्याच्या तोंडी पुण्यातली प्रमाणभाषा घालणाऱ्या मुद्रितशोधकाला माझ्या पाटकऱ्याकडे पाठवावं.

आठवणी लिहिणाऱ्याला दोन ठिकाणी खरी ठेच लागते. एक, जिवंत माणसं. ज्या अधिकाऱ्याने पैसे खाल्ले असं आपल्याला ठाम माहीत आहे, ते आपल्याला माहीत असणं आणि कोर्टात शाबीत करता येणं यांत फार अंतर आहे. बदनामीचा दावा दिवाणी होतो आणि फौजदारीही. नाव बदलून भागत नाही. गाव, साल, हुद्दा तेच ठेवले तर आख्खा तालुका ओळखतो. मी अशा प्रसंगांत माणूस मागे ठेवतो आणि पद्धत पुढे आणतो, कारण पैसे कसे खाल्ले जातात हे सांगायला कुणी खाल्ले ते लागत नाही. घरातल्या माणसांचं आणखी अवघड. भावकीतल्या वाटणीची हकीकत छापायच्या आधी भावाला वाचायला दिली. त्याने एक परिच्छेद काढायला सांगितला आणि दोन दुरुस्त्या सुचवल्या. दुरुस्त्या बरोबर होत्या.

दुसरं, माझ्या पहिल्या पुस्तकात होत्या तशा लेखाच्या डोक्यावरच्या कवितेच्या ओळी. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजून, हक्क वारसांकडे असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन आता खुलं आहे. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, तेव्हा २०३७ संपेपर्यंत थांबावं लागेल. कुसुमाग्रजांच्या बाबतीत २०५९. परीक्षणात, समीक्षेत अवतरण देणं वेगळं. पण सजावटीसाठी ओळी वापरायच्या तर परवानगी घ्यावी. त्याहून सोपं म्हणजे त्या ओळी काढाव्यात. लेखाला त्यांची गरज भासत असेल तर लेख अजून झालेला नसतो.

हीच साठ वर्षं आपल्यालाही लागू होतात, आणि हे तरुण लेखकाला कुणी सांगितलं नाही तरी चालतं, आपल्याला सांगायला हवं. आपण गेल्यावर आपल्या लेखनाचे हक्क वारसांकडे जातात. तीन मुलं असतील तर तिघांकडे, आणि पुढे एखाद्या प्रकाशकाला नवी आवृत्ती काढायची झाली तर तिघांच्या सह्या. म्हणून मृत्युपत्रात घर, ठेवी, दागिने यांच्याबरोबर एक ओळ लेखनाचीही असू द्या: हक्क कुणाकडे, निर्णय कोण घेणार. अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कुणाला दिलं, आणि त्यात वेगळं काही म्हटलेलं नसलं, तर त्याचा कॉपीराइटही त्याच माणसाला मिळतो, असं कायदा म्हणतो. तेव्हा वह्या 'वाचनालयाला द्याव्यात' असं लिहिण्याआधी दोनदा विचार करा. प्रकाशकांशी झालेले करार, पत्रव्यवहार आणि ती युनिकोडची फाइल एका जागी ठेवा. माझं हे सगळं धाकट्या सुनेकडे आहे. मुलगा वाचत नाही, ती वाचते. कालव्याच्या हस्तलिखितातली चाळीसेक पानं कापायला लावून तिने ते परवाच मला परत दिलं, आणि साहित्य-संस्कृती मंडळाच्या यंदाच्या जाहिरातीतल्या अटी माझ्या त्या पहिल्या पुस्तकामुळे आड येतात का, हे विचारणारं पत्रही तिनेच लिहिलं आहे. उत्तराची वाट पाहतो आहोत.